सकाळी गाडी खडखडते? आधी सेकंद मोजा
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

नागपुरात पहाटेचा गारवा वाढला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार हमखास वाढते: गाडी सुरू करताना इंजिन खडखडतं. म्हणून या वेळची सगळी जागा त्याच आवाजाला. पत्र लिहिताना गाडीचं मॉडेल, किलोमीटर आणि ऑइल शेवटचं कधी बदललं हे बहुतेक जण कळवतात. आवाज किती सेकंद टिकतो हे मात्र कोणी लिहीत नाही, आणि निदानाला सगळ्यात कामाची माहिती तीच असते. मोबाइल बोनेटजवळ ठेवून, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतरचा पहिला स्टार्ट रेकॉर्ड करा. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत इंजिन गरम होतं, आवाज गायब होतो आणि मिस्त्रीला अंदाजाने बोलावं लागतं.

प्रश्न : स्विफ्ट पेट्रोल, २०१३ चं मॉडेल, ९२ हजार किलोमीटर. रोज सकाळी पहिल्यांदा चालू केली की दोन-तीन सेकंद जोरात खडखड, मग एकदम शांत. दिवसभर कितीदाही बंद-चालू करा, काही नाही. ऑइल चार महिन्यांपूर्वीच बदललं. मिस्त्री म्हणून राहिला की टायमिंग चेन गेली, इंजिन उघडावं लागेल. उघडू का? (मानेवाडा)

उत्तर : एवढ्यात नको. चेन गेली असेलही, पण तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून पहिला संशय ऑइल आणि फिल्टरवर येतो.

पिस्टनच्या तालावर व्हॉल्व्ह उघडवायला या इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. इंजिन बंद झालं की दाब शून्य होतो आणि रात्रभरात वरचं ऑइल हळूहळू चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या टाकीत, उतरतं. ते सगळंच उतरू नये म्हणून फिल्टरच्या आत रबराची एक पातळ चकती असते. ती ऑइल पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. ही चकती कडक झाली, किंवा फिल्टर मुळातच हलक्या प्रतीचा असला, तर सकाळी पंपाला आधी रिकामा फिल्टर भरावा लागतो, मग ऑइलचे मार्ग, मग कुठे टेन्शनरची पाळी येते. तेवढा वेळ चेन सैल राहून गाइडवर, म्हणजे तिला वाटेवर ठेवणाऱ्या पट्टीवर, आपटते. दिवसा आवाज येत नाही तो यामुळेच, कारण तासाभरात ऑइल तेवढं उतरत नाही. चेन भरपूर लांबली असती तर गरम इंजिनवरही, विशेषतः रेस सोडताना, सळसळ ऐकू आली असती.

सुरुवात डिपस्टिकपासून करा. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा, काडी पुसून पुन्हा घाला आणि मग बघा. दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरचं असतं. तुमच्या इंजिनात एकूण ऑइलच तीन लिटरच्या आसपास मावतं, म्हणजे पातळी खालच्या खुणेवर असेल तर जवळपास तिसरा हिस्सा कमी आहे. चार महिन्यांपूर्वी भरलं म्हणून आज आहेच असं समजू नका. ऑइल जळतं, व्हॉल्व्ह सीलमधून उतरतं, ड्रेन बोल्टच्या वॉशरमधून झिरपतं.

पातळी ठीक निघाली तर पुढची परीक्षा घरीच करता येते. संध्याकाळी फ्यूज बॉक्समधला फ्युएल पंपाचा फ्यूज काढा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. सकाळी फ्यूज न लावताच पाच-सहा सेकंद स्टार्टर मारा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा तेवढाच मारा. इंजिन सुरू होणार नाही, पण पंप फिरेल आणि ऑइल वर चढेल. आता फ्यूज लावून गाडी सुरू करा. खडखड आली नाही तर दोष ऑइल उशिरा पोचण्याचा आहे. तशीच आली तर टेन्शनर, गाइड किंवा चेनकडे वळा. यात दोन गोष्टी सांभाळा. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही. आणि फ्यूजऐवजी इग्निशन कॉइल काढून ही परीक्षा करायची नाही, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब करतं.

दोष ऑइलचा निघाला तर फिल्टर आणि ऑइल दोन्ही बदला. ग्रेड गाडीच्या पुस्तिकेत असेल तोच, या पिढीच्या पेट्रोल इंजिनांत बहुधा ५डब्ल्यू-३०. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहा. ती राहिली आणि वरून नवा फिल्टर बसला तर दोन रिंगांमधून काही मिनिटांत सगळं ऑइल रस्त्यावर येतं. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा, फिल्टर हाताने रिंग टेकेपर्यंत फिरवा आणि तिथून पाऊण फेरा. पाना नको. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घाला. ऑइल भरून मिनिटभर इंजिन चालवा, पाच मिनिटं थांबा आणि काडी पुन्हा बघा. रिकामा कॅन फेकण्याआधी त्याला भोक पाडा, नाहीतर तोच कॅन दुसऱ्या ऑइलने भरून पुन्हा विकायला येऊ शकतो.

यानंतर चार-पाच सकाळी आवाज ऐका. फरक पडला नाही तर ऑइल प्रेशर स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावायला सांगा. इंजिन पूर्ण गरम असताना आयडलिंगला एक बारपेक्षा बराच कमी दाब दिसला तर मामला पंप किंवा बेअरिंगचा आहे. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझला म्हणजे दाब पुरेसा आहे असं मानू नका. तो साधारण ०.३ ते ०.५ बारलाच विझतो. इंजिन उघडायचा विषय या सगळ्यानंतर.

प्रश्न : डिझायर डिझेल, २०१५, एक लाख साठ हजार किलोमीटर. सकाळी आठ-दहा सेकंद खडखड, मग कमी होते पण जात नाही. पिकअप कमी झालं. स्कॅनरवर पी ००१६ कोड आला. पुढच्या आठवड्यात समृद्धीने शिर्डीला जायचं आहे, तेवढं होऊन जाईल का? (हिंगणा रोड)

उत्तर : नाही. दुसऱ्या गाडीने जा. ही गाडी गॅरेजपर्यंतही टोचन करूनच न्या.

तुमचं इंजिन फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट. मारुतीने तेच डीडीआयएस नावाने आणि टाटाने क्वाड्राजेट नावाने वापरलं. चांगलं इंजिन आहे, पण चेन एकेरी आणि बारीक आहे, आणि डिझेलच्या काजळीने काळं झालेलं ऑइल तिला झिजवतं. चेनची पिन आणि बुश झिजत गेले की प्रत्येक कडी केसभर लांबते आणि सगळ्या कड्या मिळून चेन मिलिमीटरांनी वाढते. टेन्शनर बाहेर येऊन येऊन शेवटाला पोचतो. पी ००१६ या कोडचा अर्थ क्रँकशाफ्ट (पिस्टन फिरवतात तो दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ चुकला आहे. सेन्सर किंवा त्याच्या वायरिंगच्या दोषानेही हा कोड येतो, पण खडखड आणि कमी झालेलं पिकअप त्याच्या जोडीला असेल तर सेन्सर बदलून वेळ घालवू नका. चेनने आणखी एक-दोन दात सोडले तर पिस्टन व्हॉल्व्हला धडकतात. या इंजिनात तेव्हा बहुधा आधी रॉकर मोडतात, पण व्हॉल्व्हही वाकू शकतात आणि हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवावं लागतं.

चेन बदलायचं काम एका दिवसाचं, फार तर दीड दिवसाचं. सुटी चेन घेऊ नका, पूर्ण किट घ्या: चेन, टेन्शनर, दोन्ही गाइड, दोन्ही दातेरी चाकं. सोबत क्रँकचं पुढचं ऑइल सील, क्रँक पुलीचा नवा बोल्ट, फिल्टर आणि ऑइल. जुन्या झिजलेल्या दात्यांवर नवी चेन चढवली तर तीही लवकर झिजते. केवळ टेन्शनर बदलून भागवायचा सल्ला स्वस्त वाटतो. कोड आलेल्या गाडीत मात्र तो पैसा वायाच जातो.

काम चालू असताना या गोष्टींवर नजर ठेवा. टायमिंग लॉक करायची पिन गॅरेजकडे आहे का, हे आधीच विचारा. खडूने खुणा करून चेन बदलणारा मिस्त्री कितीही अनुभवी असला तरी या इंजिनाला नको, कारण जुनी चेन आधीच चुकलेली असताना तो चुकीच्याच खुणा नव्या चेनवर उतरवतो. टायमिंग कव्हरला सिलिकॉन लावताना रेघ साधारण तीन मिलिमीटरची पुरते. जाड थापलं तर आतल्या बाजूला निघालेले तुकडे पंपाच्या जाळीत अडकतात आणि मग खरोखरच ऑइलचा दाब जातो. चेंबर काढलाच असेल तर जाळी धुऊन घ्या. सगळं जुळवल्यावर क्रँक बोल्टला पाना लावून, इंजिन फिरतं त्याच दिशेने, हाताने दोन पूर्ण फेरे द्यायचे. मध्ये कुठे कडक थांबलं तर जोर लावायचा नाही, लॉकिंग पुन्हा तपासायचं. उलटं फिरवायचं नाही, चेन सैल पडून दात सोडू शकते. पहिल्या स्टार्टच्या आधी इंजेक्टरचे कनेक्टर काढून पाच-सहा सेकंद स्टार्टर मारला की ऑइल टेन्शनरपर्यंत पोचतं. त्याने येणारे कोड नंतर स्कॅनरने पुसा.

प्रश्न : आपल्या इकडे मे महिन्यात ४५-४६ अंश तापमान असतं. ५डब्ल्यू-३० ऑइल एवढ्या उन्हात पाण्यासारखं होणार, म्हणून दुकानदार २०डब्ल्यू-५० टाका म्हणतो. सुरुवातीची खडखडही त्याने बंद होते म्हणे. (वर्धमाननगर)

उत्तर : बाहेर ४५ अंश असले तरी इंजिनला फारसा फरक पडत नाही. थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचा पंखा कूलंट ९० अंशांच्या आसपास ठेवतात, आणि ऑइलचं तापमान त्याहून थोडं वरच असतं, डिसेंबरात असो की मेमध्ये. डब्ल्यूनंतरचा आकडा १०० अंशांना ऑइल किती घट्ट राहतं ते सांगतो, पहिला आकडा थंड असताना किती सहज वाहतं ते. सुरू होतानाची खडखड ही पहिल्या आकड्याची बाब आहे, आणि २०डब्ल्यू तिथेच मागे पडतं. जाड ऑइलने झिजलेल्या बेअरिंगचा गरम आवाज थोडा दबतो, म्हणून दुकानदाराला ते औषध वाटतं. पण टेन्शनर आणि व्हीव्हीटीच्या (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या) बारीक छिद्रांतून जाड ऑइल उशिरा जातं आणि सकाळची खडखड लांबते.

जुन्या, दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेल्या, ऑइल खाणाऱ्या इंजिनात पुस्तिकेने परवानगी दिली असेल तर एक पायरी वर, ५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४०, चालतं. नव्या इंजिनांना ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ सांगितलं असतं, तिथे तर दुकानदाराचं ऐकूच नका. इंजिन गरम होतं ही तुमची खरी भीती असेल तर ऑइलपेक्षा कूलंट, रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धूळ आणि पंखा चालू होतो की नाही हे बघा.

प्रश्न : होंडा सिटी पेट्रोल, २०११. खडखड नाही, पण सुरू झाल्यापासून टिकटिक टिकटिक, गरम झाली तरी तशीच. ऑइल-फिल्टर नवे. (धरमपेठ)

उत्तर : टिकटिक इंजिनच्या फेऱ्यांच्या निम्म्या वेगाने येत असेल तर ती व्हॉल्व्हकडची आहे, कारण कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतं. तुमच्या १.५ लिटर आय-व्हीटेकमध्ये हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, स्क्रू आणि नट आहेत, म्हणजे टॅपेट सेटिंग करता येतं, व्हॉल्व्हची फट जुळवता येते. फटीची मापं इनटेकला ०.१५ ते ०.१९ मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.२६ ते ०.३० मिलिमीटर. फीलर गेज (मापाची पातळ पट्टी) घालून ओढताना हलकी अडक जाणवली पाहिजे. नट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचं. हे न करणारे बरेच आहेत.

कंपनीची अट अशी की हेडचं तापमान ३८ अंशांखाली असतानाच हे काम करायचं. नागपुरात एप्रिल-मेमध्ये दुपारी न चालवलेली गाडीसुद्धा त्या अटीत बसत नाही! गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजमध्ये सोडा आणि सकाळी दुकान उघडल्याबरोबर काम करवून घ्या. इंजिन गरम असतानाच घाईने सेटिंग केलेली गाडी पुढच्या थंड सकाळी चुकीच्या फटीने चालते.

आवाज पूर्ण बंद करायच्या नादात फट कमी मात्र करू देऊ नका. सैल व्हॉल्व्ह आवाज करतो, घट्ट व्हॉल्व्ह गप्प बसून जळतो. किंचित टिकटिक चालेल.

प्रश्न : वॅगन-आर. सुरू करताना आणि बंद करताना, आणि १५०० आरपीएमच्या आसपास, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज. (नंदनवन)

उत्तर : इंजिन नको, खाली वाका. सायलेन्सरच्या पाइपवर उष्णता अडवायला पत्रा असतो. स्पीड ब्रेकरला घासून किंवा बोल्टभोवती गंजून तो सुटतो आणि ठरावीक आरपीएमला थरथरतो. गाडी थंड असताना हातमोजा घालून पत्रे आणि पाइप ठोकून बघा, आवाज हाताला सापडेल. पत्रा सुटला असेल तर पाइपच्या मापाची स्टीलची होज क्लिप त्याच्याभोवती आवळली की काम झालं. पत्रे घट्ट असून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ठोकल्यावर आत काही खुळखुळत असेल तर आतली जाळी फुटली आहे, ती दुरुस्त होत नाही. इंजिनखालचं प्लॅस्टिकचं कव्हर आणि त्याच्या क्लिपाही त्याच वेळी पाहून घ्या.

प्रश्न : आवाज इंजिनच्या आतला की बाहेरचा हे घरच्या घरी कसं ओळखायचं? (जरीपटका)

उत्तर : लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक इंजिनवर, मूठ कानामागच्या हाडावर. गिअरबॉक्सच्या विरुद्ध टोकाला चेनचं कव्हर असतं, तिथे, वर व्हॉल्व्ह कव्हरवर आणि खाली चेंबरवर, असं तीन ठिकाणी ऐका. जिथे आवाज टोचतो तिथे दोष. उन्हाळ्यात डोक्या-गळ्याला गुंडाळलेला दुपट्टा आधी काढून ठेवा, चालत्या बेल्टजवळ तो नको.

मग इंजिन बंद करून बाहेरचा बेल्ट उतरवा आणि फक्त वीस-तीस सेकंद चालू करा. बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर असतो, म्हणून त्याहून जास्त नाही. आवाज गेला तर आयडलर, बेल्टचा टेन्शनर, अल्टरनेटरची पुली किंवा एसी कॉम्प्रेसर. प्रत्येक पुली हाताने फिरवा, खरखरणारी सापडते. आवाज क्लच दाबल्यावर बदलत असेल तर रिलीज बेअरिंग किंवा गिअरबॉक्सकडे बघायचं. आणि चावी फिरवताच दात घासल्यासारखी घर्रर्र होऊन लगेच थांबत असेल तर तो स्टार्टरचा बेंडिक्स (इंजिनला फिरवणारं छोटं दातेरी चाक) आहे, इंजिन निर्दोष.

प्रश्न : सकाळी गाडी सुरू करून दोन मिनिटं चांगली रेस देतो, म्हणजे ऑइल लवकर वर चढेल. बरोबर ना? (काटोल रोड)

उत्तर : अजिबात नाही. ऑइल पोचायच्या आधी दिलेली रेस हाच बेअरिंगचा सगळ्यात वाईट क्षण. पाय न लावता सुरू करा, वीस-तीस सेकंद थांबा आणि पहिले एक-दोन किलोमीटर २००० ते २५०० आरपीएमच्या आत चालवा.

प्रश्न : जुनी गाडी बघायला गेलो तर मालकाने ती आधीच चालू करून ठेवली होती. असे आवाज कसे पकडायचे? इंजिनमधून खोल ढकढक येत होती, मालक म्हणाला डिझेल आहे, एवढं चालतंच. (कामठी)

उत्तर : न कळवता सकाळी लवकर जा. बोनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावा, गरम असेल तर परत या. थंड असेल तर चावी स्वतः फिरवा आणि पहिले दहा सेकंद फक्त ऐका, बोलू नका आणि बोलू देऊ नका. नंतर इंजिन बंद करून ऑइलचं झाकण उघडा. खाली मातकट चिकट थर दिसला तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही. काही इंजिनांत झाकणातूनच टॉर्चने चेन किंवा कॅम दिसतो.

ढकढकीचं सांगायचं तर, थंडीतली पोकळ टकटक मिनिटा-दोन मिनिटांत मावळली तर ती पिस्टनची असू शकते आणि तशी गाडी बराच काळ चालते. पण गरम झाल्यावर वाढणारी, रेस देताच जोरात येणारी खोल ढकढक कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची असते. एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघायला सांगा. ज्या सिलिंडरवर आवाज दबतो तिथलं बेअरिंग गेलं आहे. डिझेल इंजिनचा सगळा आवाज मान्य, हा नाही. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी चालवत घरी आणू नका. रॉड सुटला तर ब्लॉकला भोक पडतं आणि मग दुरुस्तीऐवजी दुसरं इंजिनच शोधावं लागतं.